बायबलचा तास आणि नागरिकशास्त्राचा तास

गोंदिया शहरालगतच्या नागरा गावातील मूल आज शाळेत जाते तेव्हा राज्यकारभार, देशाचा इतिहास आणि चांगल्या वागणुकीचे संस्कार या तीन गोष्टी त्याच्यापुढे वेगवेगळ्या वाटांनी येतात. सहावीच्या पुस्तकात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंतचे स्थानिक शासन असते, सातवीत संविधानाची ओळख होते, आठवीत संसद येते. चौथीच्या वर्गात गेली कित्येक दशके शिवचरित्र शिकवले जाते. आणि मूल्यशिक्षण, म्हणजे कोणत्याही एका धर्माचे नाव न घेता सत्य, समता, श्रम आणि भूतदया यांचे संस्कार करणे, हे परिपाठापासून सहलीपर्यंत सगळीकडे विखुरलेले असते. ही विभागणी आता इतकी अंगवळणी पडली आहे की ती पहिल्यापासून अशीच असावी, असे वाटते. प्रत्यक्षात वैनगंगेच्या या टापूत नव्या पद्धतीचे शिक्षण आले तेव्हा हे तिन्ही विषय एकाच शिक्षकाच्या हाती, एकाच हेतूने गुंफलेले होते आणि त्यांना जोडणारे सूत्र बायबलचे होते.

स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरास आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी शहरात शाळा काढली. त्या वेळी नागपुरावर तिसऱ्या रघूजी भोसल्यांचे राज्य होते आणि आजचा गोंदिया जिल्हा त्याच राज्याचा भाग होता. इंग्रजांनी ते राज्य खालसा केले ते १८५४ मध्ये. हिस्लॉप केवळ धर्मप्रचारक नव्हते. मध्य भारतातील खडक आणि जीवाश्म यांचा त्यांनी कसोशीने अभ्यास केला, गोंड समाजाच्या भाषेविषयी आणि चालीरीतींविषयी टिपणे जमवली आणि १८६३ मध्ये टाकळघाट परिसरातील प्राचीन शिळावर्तुळे पाहून रात्री परतत असता ओढ्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये त्यांच्या नावाने सुरू झाले. त्यांच्यासारख्या माणसाच्या शाळेत भूगोल, गणित, इतिहास आणि बायबल हे वेगळे विषय मानले जात नसत. सृष्टीचे नियम, राज्याचे नियम आणि मनुष्याच्या आचरणाचे नियम यांचा कर्ता एकच आहे, तेव्हा मुलाला यांपैकी एक नीट समजले की बाकीचे आपोआप उमगतील, अशी त्या काळातील स्कॉटिश मिशनऱ्यांची धारणा होती. विद्यादान आणि धर्मप्रसार यांत त्यांना कसलाही अप्रामाणिकपणा दिसत नव्हता, कारण दोन्ही ते उघडपणे करीत. या उघडपणाचे श्रेय त्यांना दिले पाहिजे, आणि ज्या वस्तीत शिक्षक पाऊल ठेवत नव्हते तेथे त्यांनी शाळा नेल्या याचेही.

पश्चिम महाराष्ट्रात हा प्रयोग आधीच सुरू झाला होता. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. याच मिशनच्या सिंथिया फरार १८२७ मध्ये भारतात आल्या आणि पुढे अहमदनगरात त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मुंबईत काढलेल्या शाळेतून आजचे विल्सन कॉलेज उभे राहिले. पण या शाळांभोवती पहिले मोठे वादळ उठले ते अभ्यासक्रमावरून नव्हे, तर वयावरून. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या तरुणाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांकडे राहू लागला. प्रकरण न्यायालयात गेले आणि श्रीपत अज्ञान आहे, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने स्वतःचे निर्णय घेण्याच्या वयाचा नाही, म्हणून त्याला वडिलांच्या हवाली करण्यात आले. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर मराठी समाजात तट पडले आणि बाळशास्त्री जांभेकर यांनी सनातन्यांचा रोष पत्करून परत घेण्याची बाजू उचलून धरली. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या श्रद्धेचा मालक कोण, आईबाप, शिक्षक, जात, सरकार की ते मूल स्वतः, हा प्रश्न मराठी मुलखात इतक्या स्पष्टपणे प्रथम उभा राहिला तो या खटल्याने. पुढच्या शंभर वर्षांत कायद्याने त्याला जी उत्तरे दिली, त्यांपैकी एकही पुरते समाधानकारक नाही.

कंपनी सरकारला मात्र या वादापासून अंग राखून राहायचे होते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे हिंदुस्थानातील शिक्षणाचे धोरण ठरवणाऱ्या लंडनच्या आदेशपत्राने, सरकारी शाळांत धर्मशिक्षण द्यायचे नाही असे ठरवले. आणि त्याच वेळी खासगी शाळांना, त्यांत मिशनच्या शाळाही आल्या, ऐहिक विषयांचे शिक्षण समाधानकारक असेल तर अनुदान देण्याची व्यवस्था केली. शाळेत त्याशिवाय कोणता धर्म शिकवला जातो याची चौकशी तपासनीसाने करायची नव्हती. याचा परिणाम असा झाला की एकाच गावात सरकारी शाळेत मुलाला राज्यकर्त्यांचे गुणगान ऐकायला मिळे आणि मिशन शाळेत त्याच्या जोडीला येशूचे चरित्र; परंतु राज्यकर्त्याला किंवा शिक्षकाला उलट प्रश्न विचारण्याचे शिक्षण अधिकृतपणे कोठेच मिळत नसे.

तरीही प्रश्न विचारले गेले, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले १८४१ मध्ये दाखल झाले. तेथे त्यांना ख्रिस्ती धर्मग्रंथांचा परिचय झाला, पुढे थॉमस पेन यांचे मानवी हक्कांवरील पुस्तक त्यांच्या वाचनात आले, फरारबाईंची अहमदनगरची मुलींची शाळा त्यांनी पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात स्वतःची मुलींची शाळा काढली. मिशनऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणे ते ख्रिस्ती झाले नाहीत. सर्व माणसे एकाच निर्मात्याची लेकरे आहेत हे तत्त्व त्यांनी घेतले आणि त्याच्या कसोटीवर जात, स्त्रीदास्य आणि भटशाही यांना तपासले. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. १८९१ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ या ग्रंथात त्यांनी अशा कुटुंबाची कल्पना मांडली की ज्यात बाईने बौद्ध धर्माचे ग्रंथ वाचून तो स्वीकारावा, नवऱ्याने ख्रिस्ती व्हावे, मुलीने इस्लाम घ्यावा, मुलाने सत्यधर्मी व्हावे आणि तरी कोणी कोणाचा द्वेष न करता सर्वांनी एका घरात प्रेमाने नांदावे. बायबलच्या तासाला बसलेल्या एका विद्यार्थ्याने त्या तासाचे जे फलित काढले, ते शिक्षकाच्या हिशेबात नव्हते, पण शिक्षकाने दिलेल्या साहित्यातूनच ते घडले होते.

मुक्ताबाईचे उदाहरण याहून धारदार आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या शाळेत शिकणाऱ्या मांग समाजातील या शाळकरी मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या अमेरिकन मिशनच्या नियतकालिकात छापून आला. पेशवाईत आपल्या लोकांचे जे हाल झाले त्यांचे वर्णन करून, ज्या धर्माचे ग्रंथ पाहण्याची आपल्याला बंदी आहे त्या धर्माचे आपण कसे म्हणवून घ्यावे, असा सवाल तिने थेट ईश्वरापुढे मांडला. इतिहास, राज्यव्यवस्था आणि धर्म या तिन्ही गोष्टी त्या लहान निबंधात एकत्र आल्या आहेत. फरक इतकाच की मिशन शाळेत त्या पाठ म्हणून एकत्र येत आणि येथे तक्रार म्हणून आल्या. एका मुलीला अक्षरओळख झाल्यावर अवघ्या काही वर्षांत तिने हे लिहावे, यापेक्षा नागरिकशास्त्राच्या यशाचा मोठा पुरावा मराठीत सापडणे कठीण आहे, आणि तो त्या विषयाचे नावही अभ्यासक्रमात नव्हते तेव्हाचा आहे.

शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे जोतीरावांनी ऑक्टोबर १८८२ मध्ये जे निवेदन दिले, त्यात खेड्यांतील प्राथमिक शाळांसाठी त्यांनी सुचवलेला अभ्यासक्रम पाहण्यासारखा आहे: मोडी आणि बालबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल-व्याकरणाची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नैतिक कर्तव्ये व आरोग्य यांवर काही धडे. धर्मशिक्षण या यादीत नाही. नीती आहे, आणि ती शेती व स्वच्छतेच्या पंगतीला बसवलेली आहे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागणाऱ्या या निवेदनाकडे सरकारने फारसे लक्ष दिले नाही, हे त्या पिढ्यांचे मोठे नुकसान होय.

इतिहासाच्या पुस्तकांची कहाणीही याच धाटणीची आहे. जेम्स ग्रँट डफ यांचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला, काही वर्षांतच मराठीत आला आणि शाळांतून वाचला जाऊ लागला. म्हणजे मराठी मुलांना आपल्या पूर्वजांची ओळख, ज्याने त्यांचे राज्य जिंकण्यात भाग घेतला त्या अधिकाऱ्याच्या नजरेतून होऊ लागली. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८ च्या सुमारास, अजून विद्यार्थिदशेत असताना, डफच्या या इतिहासावर साधार टीका लिहिली आणि मूळ कागदपत्रे पाहिल्याखेरीज इतिहास लिहू नये, ही दृष्टी मराठीत रुजवण्यास आरंभ केला. इतिहाससंशोधक राजवाड्यांचे कार्य त्यानंतरचे. राज्यकारभाराच्या शिक्षणात सरकारने उलट दिशा धरली. मुंबई इलाख्यातील अधिकारी विल्यम ली-वॉर्नर यांनी १८९७ मध्ये शाळांसाठी हिंदी नागरिकावर जे इंग्रजी पुस्तक लिहिले, त्यात नागरिक म्हणजे राज्यकर्त्यांचे उपकार ओळखून वागणारा प्रजाजन, असाच सूर होता. याला उत्तर म्हणून राष्ट्रीय शाळा निघाल्या. विष्णू गोविंद विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय सरकारने १९१० मध्ये बंद पाडले, यावरून शाळेतील इतिहासाच्या तासाला सत्ता किती घाबरते, हे दिसते.

धर्म आणि देशप्रेम यांची सांगड घालू पाहणाऱ्या ख्रिस्ती मराठी माणसांत रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे स्थान वेगळे आहे, आणि त्यांच्या आयुष्याचे वळण या टापूशीच निगडित आहे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. तो लोहमार्ग गोंदियावरूनच जातो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगाचा आणि कीर्तनाचा पोशाख चढवला, ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादन केले आणि मिशनच्या छत्राखाली न राहता देशी वळणाचा ख्रिस्ती बंधुभाव उभा करण्यासाठी १९१७ मध्ये ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. त्यांची ‘केवढे हे क्रौर्य’ ही शिकाऱ्याच्या बाणाने जखमी झालेल्या पक्षिणीवरची कविता मराठी पाठ्यपुस्तकांतून मुलांच्या अनेक पिढ्यांनी पाठ केली, आणि ती पाठ करताना कवीचा धर्म कोणता हे विचारण्याची गरज कोणालाही पडली नाही.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेतून गांधीजींची मूलोद्योगी शिक्षणाची, म्हणजे एखाद्या हस्तव्यवसायाभोवती सर्व विषय गुंफण्याची, योजना पुढे आली तेव्हा तीत धर्मशिक्षण मुद्दामच ठेवलेले नव्हते. धर्म आज ज्या रीतीने शिकवले जातात त्याने ऐक्याऐवजी कलह वाढतो, असे त्याचे कारण गांधीजींनी दिले. तरी कलह टळला नाही. मध्यप्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांनी खेड्यांसाठी आखलेल्या ‘विद्यामंदिर’ योजनेच्या नावालाच मुस्लिम लीगने हरकत घेतली. भंडारा जिल्हा, ज्यात तेव्हा नागरा मोडत होते, याच प्रांतात होता.

या सगळ्या अनुभवाचा निचोड संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये उतरला. पूर्णपणे सरकारी पैशांवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येणार नाही. एखाद्या दानपत्राने किंवा न्यासाने धर्मशिक्षणाच्या अटीवर स्थापन केलेली संस्था सरकार चालवत असेल तर तिला हा नियम लागू नाही. आणि सरकारने मान्यता किंवा अनुदान दिलेल्या कोणत्याही शाळेत विद्यार्थ्याला धर्मशिक्षणाला वा उपासनेला बसण्याची सक्ती त्याच्या संमतीशिवाय, तो अज्ञान असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, करता येणार नाही, असे त्याचे तीन भाग आहेत. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत यावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी धर्माची शिकवण देणे आणि धर्मांचा अभ्यास करणे यांतील फरक स्पष्ट केला: पहिल्यात श्रद्धा बाणवायची असते, दुसऱ्यात समजून घ्यायचे असते. शंकरराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीने १९९९ मध्ये मूल्यशिक्षणाचा आणि सर्व धर्मांच्या ओळखीचा आग्रह धरला. त्यावर आधारलेला अभ्यासक्रम २००२ मध्ये अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला तेव्हा न्यायालयाने हीच रेषा मान्य करून धर्मांविषयीच्या शिक्षणाला मोकळीक दिली. रेषा कागदावर सरळ आहे. वर्गात ती शिक्षकाच्या आवाजावर अवलंबून असते, कारण येशूचे डोंगरावरील प्रवचन हा जागतिक नीतिविचाराचा भाग म्हणूनही सांगता येतो आणि तारणाचा एकमेव मार्ग म्हणूनही.

आज ख्रिस्ती संस्थांनी चालवलेल्या अनेक शाळांत यासाठी एक व्यवहारी तोड काढलेली असते. कॅथलिक मुले धर्मशिक्षणाच्या तासाला बसतात आणि त्याच वेळी इतरांसाठी नीतिशिक्षणाचा तास होतो. ही सोय समजूतदार आहे, परंतु तिच्यामुळे एकाच बाकावरची मुले आठवड्यातून काही वेळ धर्माप्रमाणे दोन खोल्यांत विभागली जातात आणि जखमी वाटसरूला परक्या जमातीच्या शोमरोनी माणसाने उचलून नेले ही बायबलमधील गोष्ट नेमकी एकाच खोलीत सांगितली जाते. ती दोन्ही खोल्यांत, गोष्ट म्हणून, सांगायला अनुच्छेद २८ ची आडकाठी नाही.

शासन, राष्ट्र आणि ख्रिस्ती श्रद्धा यांची सर्वांत अवघड गाठ मात्र केरळात पडली. यहोवाचे साक्षी या ख्रिस्ती पंथातील तीन भावंडे शाळेत राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण देवाखेरीज कोणाचेही स्तोत्र गाऊ नये या श्रद्धेमुळे गात नसत. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट १९८६ च्या निकालात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांनी त्यांना परत घेण्याचा आदेश दिला, कारण उभे राहण्यात आदर पुरेपूर व्यक्त होतो आणि न गाण्याने कोणताही कायदा मोडत नाही. नागरिकशास्त्राच्या शिक्षकाने हा निकाल वर्गात अवश्य चर्चेला घ्यावा. बहुसंख्य मुलांना त्या भावंडांचे वागणे पटणार नाही, आणि न पटणाऱ्या माणसाचा हक्क म्हणजे काय हे त्याखेरीज समजत नाही.

नागरा येथील मुलापुढे या विषयांचे साहित्य पुस्तकाबाहेरही पडलेले आहे. गावातील जुने शिवमंदिर त्याला राजांच्या काळापर्यंत मागे नेते. पण त्याहून बोलका धडा आहे तो जिल्ह्यातील मामा तलावांचा. मामा म्हणजे माजी मालगुजारी. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातील हे तलाव, त्यांत कोहळी समाजाच्या कसबाने बांधलेले कितीतरी, मालगुजाराच्या, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या मालकाच्या, ताब्यात असत. १९५०-५१ मध्ये मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले, तेव्हा हा मुलूख मध्य प्रदेशात होता. १९५६ मध्ये तो मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन होऊन शंभर हेक्टरपर्यंत भिजवणारे तलाव त्यांच्याकडे सोपवले गेले. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाल्यावर कार्यालयही बदलले. तलावाची पाळ तीच, पाणी तेच, पण पाळ फुटली तर अर्ज कोणाकडे करायचा, याचे उत्तर पन्नास वर्षांत चार-पाच वेळा बदलले. राज्यघटना, राज्यपुनर्रचना, महसूल आणि पंचायत राज हे चार धडे सहावीचे मूल एका तलावाच्या काठावर उभे राहून शिकू शकते. पाणी आधी कोणाच्या बांधीला जाते आणि शेवटच्या शेतकऱ्याची पाळी कधी येते, मासेमारी ढीवरांच्या संस्थेने करायची की लिलावात जादा बोली लावणाऱ्याने, हे विचारू लागले की न्यायाचा आणि शेजारधर्माचा विषय वेगळा काढावा लागत नाही.

ही विचारणा करण्याच्या जागाही कायद्याने ठेवलेल्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या निमित्ताने ग्रामसभा भरवण्याची प्रथा महाराष्ट्रात रूढ आहे. ग्रामसभेचे सदस्यत्व मतदारांना असते, परंतु मुलांनी तिथे बसून ऐकायला आणि सरपंचांना शाळेत बोलावून विचारायला कोणाची मनाई नाही. शिक्षणहक्क कायद्याने नेमलेल्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात, म्हणजे वर्गातील एखाद्या मुलीची आईच शासनाचा भाग असते. २००५ चा माहिती अधिकार कायदा तर ‘नागरिक’ एवढाच शब्द वापरतो, वयाची अट घालत नाही. २०१२ मध्ये लखनौच्या एका शाळकरी मुलीने याच कायद्याखाली, महात्मा गांधींना राष्ट्रपिता ही पदवी कोणत्या आदेशाने मिळाली, असे विचारले. तिचा अर्ज पंतप्रधान कार्यालयातून गृह मंत्रालयाकडे आणि तेथून राष्ट्रीय अभिलेखागाराकडे गेला, असा कोणताही दस्तऐवज नाही असे उत्तर आले, आणि पुढे अनुच्छेद १८ नुसार शैक्षणिक व लष्करी पदव्यांखेरीज कोणतीही पदवी सरकारला देताच येत नाही, हेही तिला कळवण्यात आले. गोंदियाच्या जिल्हा परिषदेकडे तलावाच्या दुरुस्तीचा खर्च विचारायला मुलांना हाच कायदा पुरतो. अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि उत्तर तीस दिवसांत देणे कार्यालयावर बंधनकारक आहे.